हैदराबाद सहल: वंडरला आणि रामोजीच्या दोन दिवसांत पोरांसाठी वेगळं काय करता येईल?

धंतोलीची_आई

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून हैदराबादला जायचं ठरलंय. एक दिवस वंडरला हा राइडवाला मनोरंजन पार्क, एक दिवस रामोजी फिल्म सिटी, आणि परतीच्या आधी अर्धा दिवस मोकळा. मुलगी ९ वर्षांची, उंची १३४ सेंमी. मुलगा ५ वर्षांचा, १०६ सेंमी. सोबत सासूबाई आहेत, वय ६८. चालतात चांगल्या, पण रांगेत तासभर उभं राहणं होत नाही.

पार्कची तिकिटं आणि हॉटेल झालं आहे, त्याबद्दल विचारत नाहीये. मला हवंय ते त्यावरचं. पोरांना पुढे चार वर्षांनीही आठवेल असं काहीतरी, जे तिथे दुकानात पैसे टाकून मिळत नाही. घरून तयार करून नेता येईल असं, प्रवासात करता येईल असं, तिथल्या रांगेत करता येईल असं काहीही चालेल. सगळं मिळून ३००० रुपयांच्या आत बसावं.

अजून दोन गोष्टी. एक, मुलांना अजून सांगितलेलं नाही. शेवटपर्यंत गुपित ठेवावं का? दोन, जाताना वंदे भारत की आपली गाडी, हे ठरायचंय. गाडीने गेल्यास मुलांसाठी वाटेत काही आहे का?

पोट्ट्यांचा_मामा

ताई, आधी उंचीचं बघा, मग बाकीचं. वंडरलात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं, आणि राइडवर बसवायचं की नाही हेही उंचीवरच ठरतं. रिकॉइलसारख्या रोलर कोस्टरला, जो पुढे जातो तसाच उलटा मागे येतो, १४० सेंमीच्या आसपासची अट असते. म्हणजे १३४ वाली मुलगी तिकिटात 'बालक' आणि मोठ्या राइडच्या दारात नेमकी कमी पडणार. तासभर रांगेत उभी राहून दारातून परत आली तर पुढचा सगळा दिवस त्यात जातो, कितीही गंमती बरोबर न्या. बूट घालून माप वाढवायचा खटाटोप करू नका, तिथले लोक रोज तेच बघतात.

म्हणून घरी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून दोघांची उंची घ्या. वंडरलाच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट दिलेली असते. त्यावरून दोघांच्या दोन वेगळ्या याद्या करा. मुलीला 'हे तुला नाही' असं सांगण्यापेक्षा 'या आठ तुझ्या, यातल्या तीन धाकट्यासोबत' असं कागदावर दिसलं की वाद तिथेच मिटतो.

आता त्या याद्यांचंच पासपोर्ट बनवा. ए-फोरचे दोन कागद, प्रत्येकाचे मधून दोन तुकडे, चारही तुकडे एकात एक घालून घडी. खिशात मावेल अशी १६ पानांची वही होते. कव्हरला शाळेच्या प्रोजेक्टचा जाड कागद. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे घडीवर सुईने तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवा. एका राइडला एक पान: नाव, शिक्क्यासाठी चौकोन, आणि खाली दोन रिकामे गोल. एका गोलात रांगेत असताना लिहायचं, किती भीती वाटतेय, १ ते १०. दुसऱ्या गोलात उतरल्यावर, खरं किती वाटली. रांगेतली वीस मिनिटं या एका आकड्याच्या भांडणात निघून जातात. घरी आल्यावर पोट्टे ते आकडे शेजारपाजाऱ्यांना दाखवत फिरतात.

शिक्का रबर स्टॅम्पवाल्याकडून करून घ्या, सीताबर्डीत दुकानं आहेत. साधा लाकडी मुठीचा पुरे. सेल्फ-इंकिंग घेतला तर पॅड वेगळं न्यावं लागत नाही, आजींना तो सोपा. आणि हो, शिक्का आजींच्याच हातात द्या. मुलं राइडवरून उतरली की धावत आजींकडे यायची, काय झालं ते सांगायचं, मग शिक्का. आजींना रांगेत उभं राहावं लागत नाही, एका सावलीतल्या बाकावर त्यांचं ऑफिस. मुलांना ठरलेली जागा मिळते, हरवण्याचा धोकाही कमी होतो.

शिक्क्याची शाई पाण्याने पसरते, जेल पेनचीही. त्यामुळे पासपोर्ट झिपच्या पिशवीत, पिशवी आजींकडे, लिहायला पेन्सिल किंवा बॉलपेन. स्टिकर नेऊ नका. ओल्या हाताने चिकटत नाहीत, आणि पाच वर्षांचा ते तिथल्या कठड्यांना लावत बसेल.

खामला_पूल

वर मामांनी कोरड्या भागाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते. वंडरलाचा अर्धा दिवस पाण्यात जातो आणि बहुतेक घरांची तयारी तिथेच कमी पडते.

सुती कपडे पाण्याच्या राइडवर चालत नाहीत. पार्कवाले अडून बसले असं वाटतं, पण कारण साधं आहे. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, आणि भिजलेला सुती कपडा जड होऊन घसरगुंडीवर घासतो, अंगावर ओरखडे येतात. नायलॉन किंवा लायक्राचे पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे इथूनच घेऊन जा. तिथेही मिळतात, पण पाच वर्षांच्या मापाचा हवा तो रंग मिळेलच असं नाही, आणि त्यावरून रडारड होते. दोघांना एकाच भडक रंगाचे घ्या, नारिंगी किंवा पोपटी. निळा मुळीच नको, लाटांच्या तलावात निळ्या कपड्यातलं मूल दिसत नाही.

पायात पट्टा असलेले रबरी सँडल. नोव्हेंबरातसुद्धा दुपारी फरशी तापते. साध्या चपला पायऱ्यांवरच राहतात आणि मग शोधाशोध.

फोनचं पाणीबंद पाकीट घेणार असाल तर आदल्या रात्री तपासा. आत फोनऐवजी कोरडा टिश्यू घाला, क्लिप लावा, बादलीत बुडवून वर वाटी ठेवा, सकाळी बघा. टिश्यूचा एक कोपरा जरी दमट झाला तरी ते पाकीट फक्त पैशांसाठी. चांगल्या पाकिटातही पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून फोटो काढायचा तर पाण्यात शिरण्याआधीच व्हिडिओ सुरू करा आणि नंतर त्यातून चित्र काढा.

धाकट्याच्या हातावर फोन नंबर लिहिणार असाल तर क्रम पाळा. कोरड्या त्वचेवर पर्मनंट मार्करने मनगटाच्या आतल्या बाजूला नंबर, दोन मिनिटं वाळू द्यायचा, मग सनस्क्रीन, आणि तेही आकडे सोडून आजूबाजूला. उलट केलं तर शाई धरत नाही, तेलकट त्वचेवरून तासाभरात पुसते. कागदी मनगटपट्टी पाण्यात फाटते. सिलिकॉनची पट्टी घेऊन आतून लिहिली तर दोन्ही दिवस चालते.

आता वेळेचं. सकाळी कोरड्या राइड, दुपारी उन्हं असेपर्यंत पाणी. नोव्हेंबरात हैदराबादला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ओल्या अंगाने वारा लागला की पोरं कुडकुडतात. साडेचारच्या आसपास पाण्यातून बाहेर काढा. यासाठी एक युक्ती: 'बाहेर या' म्हणण्याऐवजी पाण्याच्या भागाचं शेवटचं पान पासपोर्टात आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ रेन डान्स. ते झालं की शिक्का, आणि शिक्क्याबरोबर कोरडा टॉवेल व पूर्ण कोरडे कपडे. टॉवेल प्रत्येकी दोन. पहिला पुसताना भिजतो, दुसरा गुंडाळायला.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. चिवडा, शंकरपाळे गाडीसाठी आणि हॉटेलसाठी ठेवा. पोटभर नाश्ता करूनच निघा, आणि जेवण साडेबाराच्या आत उरका. एकनंतर जेवायच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन राइड होतात.

महाल_टॉकीज

रामोजीच्या दिवसाचं कोणी बोललं नाही, आणि खरं तर घरची तयारी तिथेच जास्त कामी येते. वंडरलात पोरं आपोआप रमतात. रामोजी पसरलेलं आहे, १९९६ पासून चालू आहे, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नाव आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला ते 'बसमधून घरं बघणं' वाटतं. मागची बाजू काय असते हे आधी माहीत असेल तर डोळे उघडतात.

तिथे सिनेमा कसा बनतो हे दाखवणारा एक कार्यक्रम असतो. प्रेक्षकांतून माणसं बोलावतात, टांग्याचा पाठलाग चित्रित करतात, मग त्याला टापांचे वगैरे आवाज लावून जोडलेला तुकडा पडद्यावर दाखवतात. लवकर जाऊन पुढच्या रांगेत बसा, हात वर करणाऱ्यांतूनच निवडतात.

जायच्या आधीच्या रविवारी घरी हेच करा. साहित्य सगळं स्वयंपाकघरातलं. नारळाच्या दोन करवंट्या, कडा फरशीवर घासून गुळगुळीत केलेल्या. पोळपाटावर आपटल्या तर दगडी रस्त्यावरचा घोडा, दुमडलेल्या सतरंजीवर आपटल्या तर मातीतला. चालीचा ताल 'टक-टक, टक-टक', दौडीचा 'टकडक्-टकडक्'. पावसासाठी सुपात वाटीभर तांदूळ, सूप हळूहळू तिरकं करायचं. झटकलं तर पाऊस नाही, गारा वाटतात. ढगांचा गडगडाट म्हणजे जुनी एक्स-रे फिल्म, एका कोपऱ्याने धरून हलवायची. आगीसाठी वेफरचं रिकामं पाकीट माईकच्या अगदी जवळ हळू चुरगाळायचं.

कृती अशी. एका फोनवर २० सेकंदांचा व्हिडिओ घ्या, धाकटा खुर्चीवर उलटा बसून घोडा हाकतोय असा. व्हिडिओचा आवाज बंद करून तो लावा आणि मुलगी समोर बसून करवंट्या वाजवेल, ते दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. मग कोणत्याही फुकटच्या एडिटिंग ॲपमध्ये दोन्ही एकावर एक ठेवा. इथे हमखास गडबड होते: टापा पायांच्या अर्धा सेकंद मागे पडतात. त्यासाठी व्हिडिओच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी घ्या, आणि आवाज रेकॉर्ड करताना पडद्यावर ती टाळी दिसली की तशीच एक टाळी वाजवा. मग दोन टाळ्या एका रेषेत आणल्या की मागचं सगळं जुळतं. शूटिंगवर ती काळी-पांढरी पाटी, म्हणजे क्लॅपबोर्ड, आपटतात ती याचसाठी. हे मुलीला घरी हाताने कळलेलं असलं की रामोजीत पाटी दिसल्यावर तीच आजीला समजावेल.

पाटी पुठ्ठ्याची करता येते. साधारण २० बाय २५ सेंमीचा पुठ्ठा, वर दोन पट्ट्या, एका टोकाला बटणाने जोडलेल्या. तिरके काळे पट्टे रंगवा. मधल्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली की व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येतं. प्रत्येक सेटसमोर पाटी आपटून दहा सेकंदांचं एक दृश्य. दिवसाला दहा दृश्यं पुरेत, जास्त केली की मोठी माणसं कंटाळतात आणि पोरांवर ओरडतात.

दुसरा खेळ 'खोटं पकडा'. दगड वाटणारा खांब ठोकून बघायचा, फायबर आहे की प्लास्टर की खरा. इमारतीची एक बाजू विमानतळ आणि दुसरी दवाखाना असली तर एक गुण. हात लावायला मनाई असेल तिथे लावायचा नाही, एवढा नियम आधीच.

तिथल्या बस बऱ्याचशा उघड्या असतात. आजींसाठी टोपी किंवा ओढणी आणि लवकरची फेरी. दुपारी दोनची फेरी म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही. लहान्यासाठी फंडुस्तान हा भाग राखून ठेवा, पण सकाळी नाही. एकदा त्यात शिरला की बाहेर निघत नाही.

धंतोलीची_आई

केवढं लिहिलंत! करवंट्यांचं नक्की करणार. पण गुपित ठेवायचं की नाही याचं कोणी सांगितलं नाही. माझी इच्छा होती की पहाटे उठवून थेट स्टेशनवर न्यायचं.

डाकघर_४४०००१

पहाटे उठवून सांगू नका. पाच वर्षांच्या मुलाला पहाटे चारला उठवलं की त्याला फक्त झोपमोड कळते, हैदराबाद नाही. शिवाय वर सांगितलेलं सगळं, उंची, याद्या, करवंट्या, पाटी, हे गुपित ठेवून करताच येणार नाही. आठ-दहा दिवस आधी सांगा. वाट बघण्यातही मजा असते, ती का कापायची? गुपित ठेवायचंच तर लहान गोष्टींचं ठेवा.

उदाहरणार्थ पाकिटं. नागपूर–सिकंदराबाद वंदे भारतने गेलात तर पहाटे निघून दुपारपर्यंत पोचता. वाटेतल्या थांब्यांपैकी हे धरा: सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह, रामगुंडम, काझीपेट. हे पाच थांबे, पाच बंद पाकिटं, प्रत्येकावर स्टेशनाचं नाव. गाडी त्या स्टेशनातून सुटली की पाकीट उघडायचं, आधी नाही. थांबे छोटे असतात, स्टेशनवर उतरण्याचा खेळ मुळीच ठेवू नका.

सेवाग्रामच्या पाकिटात सुताचा दोन मीटरचा तुकडा आणि हातावरच्या दोऱ्याच्या आकृतींचे दोन नमुने. चंद्रपूरला वाघाचं ठिपके जोडायचं चित्र. बल्लारशाहला चार कोरे कागद आणि विमानाच्या घड्या, बल्लारपूरची कागद गिरणी प्रसिद्धच आहे. इथून पुढे गोदावरी येते, रामगुंडमच्या जरा आधी. आजी नाणं टाकायला काढतील, पण वंदे भारतच्या खिडक्या उघडत नाहीत. ते नाणं पाकिटात ठेवायला सांगा आणि त्याचं पुढे काय करायचं ते पोरांना ठरवू द्या. रामगुंडमच्या पाकिटात एकच प्रश्न: औष्णिक वीज केंद्राची धुराडी किती दिसतात? काझीपेटला उद्याच्या दिवसाचा नकाशा, ज्यात आजींच्या ऑफिसची जागा फुलीने दाखवलेली. मुलगा वाचत नसेल तर पाकिटावर चित्र काढा, नाहीतर सगळी पाकिटं ताईच उघडेल.

दुसरं म्हणजे पोस्टकार्ड. ५० पैशांचं साधं कार्ड अजूनही मिळतं. दहा-बारा घेऊन ठेवा. पत्ता घरीच लिहून न्या, नाहीतर तिथे पिनकोडावरून अडतं. रोज रात्री हॉटेलवर दोघांनी एकेक कार्ड स्वतःलाच लिहायचं, धाकट्याने चित्र. बॉलपेन वापरा. स्केचपेनची शाई वाटेत एखादा थेंब पडला तरी पसरते. कार्ड टाकायची जागा आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा, आणि शेवटची दोन कार्डं सिकंदराबाद स्टेशनच्या पेटीत. तुम्ही घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी ती एकेक करून येतील. शाळा सुरू झालेली असेल तेव्हा.

अजून हौस असेल तर टपाल खात्याचं 'माय स्टॅम्प'. आपला फोटो असलेली १२ तिकिटांची शीट, ३०० रुपयांची योजना आहे. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत चौकशी करा, फोटो आणि ओळखपत्र लागतं. फोटोत चेहरा मोठा हवा. चौघांचा एकत्र फोटो दिला तर तिकिटावर कोण कुठला ते ओळखू येत नाही. पोस्टकार्डावर छापील तिकीट असतंच, त्यामुळे ही तिकिटं पाकिटात घातलेल्या पत्रांना वापरा.

हिंगणघाट_बायपास

गाडीने जाणार असाल तर राष्ट्रीय महामार्ग ४४, साधारण ५०० किमी, थांबत-थांबत ९ तास धरा. पोरांना वाटेवर कामाला लावायचं तर नद्या द्या. हिंगणघाटला वेणा, पुढे यवतमाळ जिल्ह्यात शिरताना वर्धा, पांढरकवड्याच्या पुढे राज्याच्या सीमेवर पैनगंगा, आणि निर्मलच्या पुढे सोनजवळ गोदावरी. हातानं काढलेल्या नकाशावर चार निळ्या रेघा, नदी आली की रंगवायची. पैनगंगेनंतर पाट्यांची लिपी बदलते. मुलीला पाच तेलुगू अक्षरं आधी शिकवा: क, म, न, ल, र. मग दुकानांच्या पाट्यांवर ती शोधत बसेल. मोबाइलपेक्षा बरं, आणि मान वर राहते म्हणून गाडीही लागत नाही.

निर्मलला थांबा, आदिलाबादच्या पुढे साधारण ८० किमी. तिथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत: फळं, पक्षी, प्राणी. कारागिरांची सहकारी संस्थाही आहे. पोनिकी नावाचं हलकं लाकूड वापरतात, वेगवेगळे भाग चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोडतात, मग रंग. म्हणून ती खेळायची कमी आणि मांडायची जास्त. आंघोळीत नेली की सांधा सुटतो, आणि तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती देऊ नये. घेताना सांध्यावर बोट फिरवून बघा, भेग लागली तर दुसरं घ्या. पोरांना आधीच रक्कम हातात द्या, दोघांना सारखी, आणि निवड त्यांची. 'हे नको, ते घे' केलं की खेळणं तुमचं होतं.

राजेहो, एक सांगतो, आजी सोबत असताना जायला रेल्वे आणि यायला रेल्वे हेच बरं. खेळण्यांसाठी ५०० किमी गाडी हाकायची गरज नाही. निर्मलची खेळणी हैदराबादच्या हस्तकलेच्या दुकानांतही मिळतात.

गांधीसागर_काठ

त्या मोकळ्या अर्ध्या दिवसाचं मी सांगतो. चारमिनारला नेऊन गर्दीत दमवू नका. बिर्ला विज्ञान संग्रहालय, नौबत पहाड. तिथे कोटासॉरस या डायनासोरचा उभा केलेला खरा सांगाडा आहे, ४४ फूट लांब. आदिलाबाद भागातल्या यामनपल्लीला सापडलेली हाडं, ज्युरासिक काळातली, एकापेक्षा जास्त प्राण्यांची जुळवून एक सांगाडा केलेला. ज्या थरातून ती निघाली तो कोटा थर आपल्या गडचिरोलीत सिरोंच्याकडेही आहे. म्हणजे पोरांच्या दृष्टीने हा अर्धा विदर्भाचाच.

याची तयारी नागपुरातच होते. आधीच्या आठवड्यात रमण विज्ञान केंद्रात न्या, मागच्या बागेत डायनासोरच्या प्रतिकृती आहेत. तिथे पुतळा कसा असतो ते बघायचं, हैदराबादला हाडं कशी असतात ते. मग घराखालच्या पार्किंगमध्ये सुतळीने ४४ फूट, म्हणजे १३.४ मीटर, मोजून खडूने रेघ मारा. तुमची मुलगी १३४ सेंमीची आहे ना? बरोबर १० वेळा ती आडवी झोपली की डायनासोर पूर्ण. धाकट्याला साडेबाराहून जरा जास्त वेळा झोपावं लागेल. प्रत्येक वेळी डोक्याशी खडूची खूण करा, नाहीतर दर खेपेला वीतभर सरकतात आणि आकडा चुकतो. ती सुतळी गुंडाळून सोबत न्या. संग्रहालयात सांगाड्याला लावायची नाही, नुसती बाजूला जमिनीवर, तीही रखवालदाराला विचारून.

त्याच आवारात तारांगण आहे, आजींना बसायला थंड जागा. कार्यक्रम कोणत्या भाषेत आहे ते तिकीट काढताना विचारा, तेलुगूतला मिळाला तर मुलं झोपतील.

डायनासोरची आवड नसेल तर सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ. दर तासाला आतून एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येऊन जितके वाजले तितके टोल देतो, आणि शेजारचा लोहार सेकंद मोजत ठोकत असतो. दुपारी १२ ला पूर्ण बारा टोल. साडेअकराला जाऊन पुढचं बाक धरा, पावणेबारानंतर मुलांना माणसांच्या पाठीच दिसतात. शुक्रवारी बंद असतं. दोन्ही एका अर्ध्या दिवसात कोंबू नका.

खामला_पूल

गांधीसागरवाल्यांना दुजोरा. आणि एकूणच, वर जेवढं सुचवलंय ते सगळं नेऊ नका ताई. दिवसाला एक मोठी गोष्ट, पासपोर्ट किंवा पाटी, आणि संध्याकाळसाठी एक छोटी. संध्याकाळी सातला हॉटेलच्या खोलीत दमलेली पोरं भांडतात, सगळ्यात जास्त गरज तिथे असते. त्यासाठी ग्लो स्टिक न्या, १५-२० चं पाकीट पुरतं. दिवे बंद, जमिनीवर बाटल्या, कड्या फेकायच्या. वाकवून 'कट' आवाज आला की आतली काचेची नळी फुटून दोन द्रव मिसळतात, त्यानंतर उजेड थांबवता येत नाही. म्हणून एका वेळी चारच द्या. पहिले दोन-तीन तास चांगला उजेड, मग मंद. फ्रीजमध्ये ठेवली तर रसायनाचा वेग कमी होतो, दुसऱ्या रात्री थोडी उरते. धाकट्याला चावू देऊ नका, आतला द्रव तोंडाला आणि डोळ्यांना झोंबतो. राइडवर तर नाहीच, हातातली सुटी वस्तू तिथे कोणी चालू देत नाही.

धंतोलीची_आई

ठरलं: रेल्वे, पासपोर्ट, पाटी, पाकिटं आणि डायनासोर. आजींना शिक्क्याचं सांगितलं, त्यांनी लगेच 'शिक्क्यावर माझं नाव पाहिजे' म्हटलं. शेवटचं एक: लक्ष्मीपूजनाच्या लगेच नंतरचा आठवडा घ्यावा की सुट्टीचा शेवट? आणि वंडरला आधी की रामोजी?

पोट्ट्यांचा_मामा

लगेच नंतरचा आठवडा, मंगळवार ते गुरुवार. तेलंगणात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्मा या तिकडच्या सणाच्या वेळी असते. दिवाळीला त्यांना फार नसते. आपल्या शाळा बंद आणि त्यांच्या चालू, असे ते दिवस असतात. फक्त १४ नोव्हेंबरच्या आसपास शाळांच्या सहली येतात, तो दिवस टाळा.

रामोजी आधी, वंडरला दुसऱ्या दिवशी. वंडरलानंतर पाय दुखतात, केस ओले, पोरं अर्धी झोपेत, त्या अवस्थेत रामोजीतलं चालणं आजींनाही जड जातं आणि मुलांनाही. रामोजी आधी केलंत तर पासपोर्टाची वाट बघत रामोजीही नीट बघतील. शिक्क्यावर आजींचं नाव घालणार असाल तर आठवडाभर आधी टाका, दिवाळीत दुकानं दोन-तीन दिवस बंद असतात. अक्षरं जरा मोठी करून घ्या, बारीक अक्षरात शाई भरते आणि नुसता निळा ठिपका उठतो.